दुधाचा दात आणि त्याची जागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य पहिली ते चौथीच्या वर्गांना वाहिले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय त्याच वयाच्या मुलांशी निगडित असावा, असे मला वाटले. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मय किंवा नाट्यपरंपरा सोडून मुलांच्या दातांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. मी दंतवैद्य नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. दंतशास्त्राविषयी जे सांगणार आहे ते त्या शास्त्रात सर्वमान्य झालेले, वाचून आणि जाणकारांना विचारून समजून घेतलेले असे आहे. माझा स्वतःचा अभ्यास शब्दांचा. परंतु या विषयातील निम्मा घोटाळा एका शब्दाने केलेला आहे, असे माझे मत झाले आहे, आणि तेवढ्यापुरता माझा अधिकार आपण मान्य करावा.

तो शब्द म्हणजे 'दुधाचा दात'. शब्द गोड आहे. आपल्या सीमाभागात तो दोन्ही भाषांत एकाच अर्थाने नांदतो. कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध, 'हल्लु' म्हणजे दात, म्हणून 'हालुहल्लु'. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच या भाषाही दुधाचाच दात म्हणतात. पाश्चात्य वैद्यकात त्याला जी शास्त्रीय संज्ञा आहे, तिचा मूळ अर्थ 'गळून पडणारा' असा आहे. पानगळीच्या झाडांना लावतात तेच विशेषण. म्हणजे लोकभाषेने त्याला अंगावरच्या दुधाशी जोडले आणि शास्त्रभाषेने गळत्या पानाशी. दोन्हींचा परिणाम एकच झाला. हा दात पाहुणा आहे, आज ना उद्या जायचाच आहे, त्याच्यासाठी जीव कशाला आटवायचा, अशी आपली समजूत झाली. 'दुधाचाच आहे, काढून टाका' हे वाक्य निपाणीपासून खानापूरपर्यंत कोणत्याही दवाखान्यात आपल्या कानावर पडेल. आजचे माझे सांगणे या एका वाक्याविरुद्ध आहे.

आपल्या परंपरेत दाताला आणखी एक नाव आहे, 'द्विज'. पक्षी दोनदा जन्मतो, एकदा अंडे म्हणून आणि एकदा पिलू म्हणून. तसा दातही दोनदा जन्मतो, म्हणून तोही द्विज. बालरोगांचा विचार करणारी 'काश्यपसंहिता' याहीपुढे जाते. मनुष्याच्या ३२ दातांपैकी ८ दात एकदाच जन्मतात आणि बाकीचे द्विज असतात, असा भेद तीत केलेला आहे. आजचे शास्त्र हा आकडा दुरुस्त करते. दुधाचे दात २० असतात आणि त्यांच्या जागी २० नवे येतात. उरलेल्या १२ दाढा मात्र एकदाच येतात, त्यांना पूर्वावतार नसतो. आकडा बदलला, तरी काही दात एकदाच येतात हे निरीक्षण खरे आहे, आणि आजच्या विषयाची ती किल्ली आहे.

दुधाचे दात साधारण सहाव्या महिन्यापासून दिसू लागतात आणि अडीच वर्षांपर्यंत वीसही पुरे होतात. सहा ते आठ या वयात पुढचे पटाशीचे दात पडून नवे येतात. सुळे आणि दुधाच्या दाढा यांची पाळी नंतरची, नऊ ते बारा या वर्षांतली. दरम्यान सहाव्या वर्षाच्या सुमारास एक महत्त्वाची घटना घडते आणि ती बहुतेक घरांत कोणाच्याच लक्षात येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीच्या टोकाला, चारही बाजूंनी एकेक नवी दाढ वर येते. तिच्यासाठी एकही दात पडलेला नसतो, म्हणून नवे काही आले असे कोणाला वाटत नाही. ती दुधाचीच समजली जाते, किडली तर दुधाची म्हणून काढलीही जाते. वास्तविक ती कायमची असते, एकदाच येणारी, आणि पुढच्या सगळ्या चर्वणाचा भार तिच्यावर असतो. मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते त्याच सुमारास ही दाढही येऊन बसते. दोघांचाही प्रवेश एकाच वर्षीचा; एकाची नोंद हजेरीपटावर होते, दुसरीची कोठेच होत नाही.

आता कल्पना करा की सहाव्या वर्षाची ही दाढ आली, आणि तिच्या पुढची दुधाची दाढ कीड लागून सातव्या वर्षी काढावी लागली. त्या जागी येणारा कायमचा दात अकराव्या-बाराव्या वर्षी यायचा. मध्ये चार-पाच वर्षे जागा मोकळी. दात म्हणजे भिंतीत चिणलेला दगड नव्हे. तो शेजाऱ्यांच्या आधाराने उभा असतो. पुढचा आधार गेला की मागची मोठी दाढ हळूहळू पुढे सरकते, कलते. पुढचे दातही काही वेळा मागे येतात. ही सरकण्याची क्रिया पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. वरच्या जबड्यात ती बहुधा अधिक लवकर होते. पुढे बाराव्या वर्षी हक्काचा दात हिरडीखालून वर येऊ लागतो तेव्हा त्याला दिसते की आपल्या घरात दुसरेच कोणी राहायला आले आहे. मग तो जिभेकडून किंवा गालाकडून वाट काढतो, किंवा हाडातच अडकून बसतो.

निसर्गाने या बाबतीत थोडी उदार तरतूद केलेली आहे. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी रुंदी व्यापतात, त्यापेक्षा त्यांच्या जागी येणारे कायमचे तीन दात किंचित कमी जागा घेतात. हेज नान्स या अमेरिकन तज्ज्ञाने १९४७ साली ही शिल्लक मोजून मांडली. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर. दोन मिलिमीटरही नाहीत! एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर मुलाच्या दातांची रांग सरळ बसायची की वाकडी, हे पुष्कळदा अवलंबून असते. एक दाढ अवेळी गेली तर ही शिल्लक संपून वर कर्ज होते.

आमच्या नात्यात निपाणीला एक मुलगा आहे. सातव्या वर्षी त्याची खालची दुधाची दाढ सुजली, दोन रात्री घरात कोणी झोपले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती एका दवाखान्यात काढली. दुखणे थांबले. आजीने रीतीप्रमाणे दात कौलांवर टाकला आणि नवा दात मागून घेतला. त्या जागेचे पुढे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. अकराव्या वर्षी नवा दात आला तो जिभेच्या बाजूने, रांग सोडून. त्याला रांगेत आणण्यासाठी दोन वर्षे बेळगावच्या खेपा कराव्या लागल्या. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, दुधाचाच होता हो, पडणारच होता. त्याची एवढी किंमत असते हे कुणाला ठाऊक!" आजीने नवा दात मागितला होता आणि तो मिळालाही. त्याला उभे राहायला जागा मात्र कोणी मागितली नव्हती.

ही जागा राखण्याचा उपाय आहे. तो जुना आहे, साधा आहे, आणि जगभर बालदंतवैद्य तो करतात. इंग्रजीत त्याला 'स्पेस मेन्टेनर' म्हणतात. आपल्याला एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय आहे, कल्पना तीच. फरक एवढाच की एस.टी.तला प्रवासी रुमालाचा मान ठेवतो, दाढ ठेवत नाही. म्हणून येथे रुमालाऐवजी पोलादी तार लागते.

एका बाजूची एकच दाढ गेली असेल तर सर्वांत प्रचलित उपाय असा. मागच्या दाढेभोवती गंज न चढणाऱ्या पोलादाचे एक पातळ कडे बसवतात. त्या कड्याला तारेची एक कमान जोडलेली असते. ती मोकळ्या जागेवरून पुढे जाऊन पुढच्या दाताला टेकते. दोन दात आपापल्या जागी थबकतात आणि कमानीखालून नवा दात यायला वाट मोकळी राहते. कड्याचे माप घेतात, ठसा घेतात, आणि पुढच्या खेपेस ते सिमेंटने चिकटवतात. यासाठी सहसा कापाकापी करावी लागत नाही. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील आणि पुढचे कायमचे दात आलेले असतील, तर जिभेच्या बाजूने एका दाढेपासून दुसरीपर्यंत तारेची एकच कमान बसवतात. वरच्या जबड्यात ती टाळूवरून नेतात. तिच्या एका प्रकारात टाळूला टेकणारी प्लास्टिकची लहान गोटी असते, आणि तो प्रकार त्याच नान्स यांच्या नावाने ओळखला जातो. सहाव्या वर्षाची दाढ हिरडीबाहेर येण्यापूर्वीच तिच्या पुढची दाढ गेली, तर प्रसंग अवघड असतो. तेव्हा हिरडीत शिरणारी एक पट्टी लावून त्या अदृश्य दाढेला वाट दाखवावी लागते. हृदयाचा काही दोष असलेल्या मुलांना हा प्रकार बहुधा वर्ज्य असतो, म्हणून मुलाचा पूर्वीचा आजार डॉक्टरांना न चुकता सांगावा.

मात्र हा उपाय म्हणजे प्रत्येक पडलेल्या दातावरचा गंडा नव्हे. नवा दात हिरडीच्या अगदी जवळ येऊन ठेपला असेल तर तारेची गरज नसते. क्ष-किरण चित्रावरून ते कळते. जन्मतःच पुढचा कायमचा दात नसेल तर विचार वेगळा करावा लागतो. जागा आधीच आक्रसली असेल तर नुसती राखण करून भागत नाही, ती परत मिळवावी लागते. आणि तार बसवल्यावर काम संपत नाही. सिमेंट झिजते, कडे सैल होते, त्याखाली अन्न अडकले तर ज्या दाढेच्या भरवशावर सारे उभे केले तीच किडते. म्हणून निदान सहा महिन्यांनी दाखवावे लागते. चिक्की, करदंट, चिकट गोळ्या त्या काळात दूर ठेवाव्या लागतात. नवा दात डोकावला की कडे काढून घ्यावे लागते, नाहीतर राखणदारच वाट अडवून बसतो.

येथे एक गोष्ट मनाशी नीट धरावी. आपली काळजी आणि मुलाची गरज यांच्या दिशा उलट असतात. पुढचा दात पडला की घर अस्वस्थ होते, कारण बोळके दिसते. मूल 'स' म्हणताना शीळ घालते, 'त' आणि 'थ' सांडतात. संस्कृत वैयाकरणांनी 'त'वर्ग, 'ल' आणि 'स' यांचे स्थान दात हेच सांगितले आहे. मराठीत तर 'चहा'तला 'च' निराळा आणि 'चूल'मधला निराळा. दुसऱ्यासाठी जीभ दातांकडे जावी लागते. आपल्याकडे कन्नड मातृभाषा असलेल्या मुलाला हा फरक कानाने शिकावा लागतो, आणि दात पडलेल्या मुलाला काही दिवस जिभेने. परंतु बहुतेक मुले लवकरच वाट काढतात, आणि दुधाचे सुळे आलेले असतील तर पुढच्या दाताची जागा सहसा आक्रसत नाही. मागची दाढ गेली तर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. उच्चार शुद्ध, हसू जसेच्या तसे, आणि आत दाढ महिन्यामहिन्याने सरकत असते. दिसते त्याची आपण चिंता करतो. नुकसान न दिसणाऱ्या ठिकाणी होत असते.

यापुढची पायरी अशी की उत्तम तारेपेक्षाही उत्तम राखणदार म्हणजे दुधाची दाढ स्वतःच. ती किडली तर शक्य असेल तेथे भरून घ्यावी. कीड आतल्या नसेपर्यंत गेली असेल तरी पुष्कळदा नसेवर उपचार करून, वर पोलादी टोपण बसवून ती आणखी काही वर्षे टिकवता येते. दाढ काढणे हा शेवटचा उपाय असावा. काढावीच लागली तर त्याच दिवशी एक प्रश्न विचारावा : "डॉक्टर, या जागेचे काय?"

दाढा एवढ्या लवकर जातात का? कधी पडून-आपटून; पण मुख्यतः किडीमुळे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांची जगातील संख्या ५१ कोटी ४० लाख दिली आहे. आपला मुलूख उसाचा, गुळाचा. बेळगावचा कुंदा, गोकाकचे करदंट यांचा मलाही अभिमान आहे. सणाच्या दिवशी खाल्लेला कुंदा दातांचे फारसे बिघडवत नाही. बिघडवते ते दिवसातून दहा वेळा थोडेथोडे गोड खाणे. साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट, खिशातली गोळी, आणि सर्वांत वाईट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेले मूल. झोपेत लाळ कमी सुटते, आणि गोडी रात्रभर दातांवर बसून राहते. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड आत लवकर पोचते.

आणखी एक बोलायला अवघड गोष्ट. निपाणीचा परिसर तंबाखूचा. भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावून दात घासणे अनेक घरांतील आयाबायांच्या अंगवळणी पडलेले आहे. मशेरी दातांना शुद्ध करत नाही; ती व्यसन लावते आणि तोंडाला गंभीर इजा करते. सकाळी आई मशेरी लावताना जे मूल पाहते, ते दात घासणे म्हणजे काय हे तेथेच शिकते. त्या बाईला दोष देऊन उपयोग नाही. ज्या पिकावर घर चालते त्याचीच ती सवय आहे. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, दिवसातून दोनदा, रात्री झोपताना अवश्य, आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाच्या हाताने किंवा देखरेखीखाली, एवढे प्रत्येक घरात होऊ शकते.

उपचारांच्या सोयीबाबत आपला भाग अगदीच दुबळा नाही. बेळगावात के.एल.ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान महाविद्यालय १९८५ पासून आहे; मराठा मंडळाचेही दंत महाविद्यालय आहे. बालदंतचिकित्सा हा तेथील शिक्षणक्रमाचाच भाग आहे, आणि अशा अध्यापन रुग्णालयांत उपचार सहसा खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. अडचण अंतराची आहे. निपाणीहून बेळगाव साधारण ७५ किलोमीटर, कोल्हापूर ४०. दुखणाऱ्या दाढेसाठी माणूस एवढा जातो. न दुखणाऱ्या मोकळ्या जागेसाठी जात नाही. केंद्र शासनाच्या २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते व तीत दातांचाही समावेश आहे. तपासणीनंतर पालकाने पुढची खेप करावी, यासाठी त्याला कारण पटले पाहिजे, आणि कारण त्याच्या भाषेत सांगितले तरच पटते.

म्हणून मी पुन्हा शब्दाकडे येतो. 'स्पेस मेन्टेनर' हा शब्द शेतमजूर आईपर्यंत पोचत नाही. 'तार बसवायची' म्हटले की तिला ते श्रीमंतांचे चोचले वाटतात. 'स्थलरक्षक' वगैरे संस्कृत घडण माझ्यासारख्याला सुचते, पण ती चिठ्ठीवर शोभेल, तोंडात बसणार नाही. आपल्याकडे 'राखण' हा अस्सल शब्द आहे. शाळू दाण्याला आला की रानात राखणीला माणूस लागतो, हे येथील प्रत्येक आईला ठाऊक असते. 'दाढ काढली, आता नवी येईपर्यंत जागेची राखण करायची' असे म्हटले तर ती एका वाक्यात सारे समजेल. त्या कड्याला 'राखणकडे' म्हणावे, अशी माझी सूचना आहे. दंतवैद्य मित्रांनी ती वापरून पाहावी; लोकांनी टाकून दिली तर मी वाईट वाटून घेणार नाही, फक्त तिच्याहून सोपा शब्द त्यांनी द्यावा.

शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मी तीन मागण्या ठेवतो. पहिली, पहिलीच्या वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात सहाव्या वर्षाची दाढ आली की नाही आणि दुधाच्या दाढा किती शाबूत आहेत, याची नोंद वर्षातून एकदा दंतवैद्याकडून करून घ्यावी. या शाळेचे जे विद्यार्थी दंतवैद्य झाले आहेत, त्यांच्यासाठी हे काम म्हणजे एका सकाळचे काम आहे. दुसरी, ज्याची दाढ अवेळी गेली आहे त्याच्या पालकांना शाळेने मराठीत आणि कन्नडमध्ये साधी चिठ्ठी द्यावी. सहा महिन्यांच्या आत जागा दाखवून घ्या, एवढाच तिचा मजकूर असावा. आजार भाषा पाहून येत नाही, तेव्हा चिठ्ठीनेही पाहू नये. तिसरी, माजी विद्यार्थी संघाने एक लहानसा निधी ठेवावा, ज्यातून बेळगावच्या खेपेचे भाडे आणि बुडालेली मजुरी निघेल. सत्कार आणि स्मरणिका यांच्यावर आपण जो खर्च करतो, त्याचा थोडा भागही यासाठी पुरेल.

गुरुजींचे स्मरण करताना मी एवढेच म्हणेन की प्राथमिक शिक्षकाचे कामही असेच राखणीचे असते. जे अजून आलेले नाही त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवायची, आणि ते आले की आपण बाजूला व्हायचे. दुधाचा दात हेच काम कित्येक वर्षे मुकाट्याने करतो. त्याला आपण पाहुणा म्हणत आलो. यापुढे त्याला राखणदार म्हणावे, आणि राखणदार अवेळी गेला तर त्याची जागा सुनी ठेवू नये.